तेहतीस पाने आणि तीन ओळी

सन १९३८. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहानशा गावचे वकील बीमन ट्रिप्लेट यांनी आपल्या पाच वर्षांच्या मुलाविषयी एक पत्र टंकलिखित करून घेतले आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बालमनोविकारतज्ज्ञ डॉ. लिओ कॅनर यांच्याकडे पाठविले. पत्र ३३ पानांचे होते. डोनाल्ड हा त्यांचा मुलगा वर्षाचा असताना अनेक गाण्यांच्या चाली अचूक गुणगुणत असे. पुढे लहान वयातच त्याला २३ वे स्तोत्र आणि प्रेस्बिटेरियन धर्मशिक्षणाची २५ प्रश्नोत्तरे मुखोद्गत झाली. मात्र घरात कोण आले, कोण गेले, याचे त्याला सोयरसुतक नसे. एकटा असला की तो सर्वांत आनंदी. ठोकळे, भांडी, जे म्हणून गोल फिरेल ते तो तासन्‌तास फिरवीत बसे, आणि त्यात कोणी व्यत्यय आणला की संतापाने बेभान होई.

कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांच्या निरीक्षणावर आधारलेला आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात पहिली हकीकत याच डोनाल्डची आहे आणि तिचा बराचसा भाग बापाच्या पत्रावर उभा आहे. या अवस्थेला त्यांनी ऑटिझम हा शब्द योजला. तो त्यांचा स्वतःचा नव्हे. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी तो स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसंदर्भात आधीच रूढ केला होता. ग्रीक भाषेत ऑटोस म्हणजे स्वतः. मराठीने त्यावरून स्वमग्नता हा शब्द घडविला. शब्द कानाला गोड आहे, परंतु तो ऐकताच समाधिस्थ योगी किंवा स्वप्नाळू कवी डोळ्यांसमोर येतो. ज्याच्या कानात रस्त्यावरचा प्रत्येक आवाज हातोड्यासारखा आदळतो, ज्याला सांगायचे पुष्कळ असते पण ऐनवेळी शब्द सापडत नाही, त्याची ओळख या शब्दातून होत नाही. दुसरा शब्द रूढ नसल्यामुळे येथे तोच वापरणे भाग आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय स्वमग्नतेचा वैद्यकीय इतिहास हा नाही. ती ३३ पाने लिहिणाऱ्या बापापाशी वेळ होता, वाचणाऱ्या डॉक्टरपाशीही होता. परंतु हाच मुलगा पुढे कधी रस्त्यावर हरवला, आगीत सापडला, पोलिसांसमोर भांबावून उभा राहिला, तर समोरच्या माणसापाशी वाचायला किती वेळ असतो? फार झाले तर तीन ओळींपुरता. त्या तीन ओळी घटनास्थळी वेळेवर कशा पोहोचवाव्यात, या खटपटीचा इतिहास सुमारे तीन दशकांचा आहे आणि तो प्रामुख्याने अमेरिकेत घडला आहे.

त्यासाठी आधी आपत्कालीन सेवा नावाचे यंत्र कसे उभे राहिले ते पाहिले पाहिजे. १९३५ च्या नोव्हेंबरात लंडनमधील विम्पोल स्ट्रीट येथे लागलेल्या आगीत पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. अग्निशमन दलाला कळवू पाहणारा एक शेजारी दूरध्वनी केंद्राच्या रांगेत ताटकळत राहिला आणि त्याने आपला संताप टाइम्सला पत्र लिहून व्यक्त केला. त्यातून ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ हा क्रमांक सुरू झाला. हा क्रमांक फिरविला की केंद्रात लाल दिवा लागे आणि भोंगा वाजे. अमेरिकेत ९११ हा क्रमांक १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अलाबामातील हेलिव्हिल गावी प्रथम वापरला गेला. या व्यवस्थेने किती जीव वाचविले याची गणती नाही. परंतु तिच्या पायाशी काही गृहीतके आहेत, ती कोणी मोठ्याने बोलून दाखविली नाहीत इतकेच. संकटातला मनुष्य बोलू शकतो. नाव-गाव सांगू शकतो. भोंगा ऐकून त्याला धीर येतो. आणि गणवेशातल्या माणसाने हात वर कर म्हटले की तो हात वर करतो.

स्वमग्न व्यक्तीच्या बाबतीत ही चारही गृहीतके कोसळू शकतात. कित्येकांना वाचा नसते. ज्यांना असते त्यांची घबराटीत बंद होते. भोंगा, फिरते दिवे, कर्णा, कुत्री, दंडाला धरणारा हात ही सारी त्यांच्या इंद्रियांवर चाल करून येतात. संवेदनांची ही तीव्रता आईबापांना ठाऊक होतीच, पण अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत ती लक्षण म्हणून दाखल व्हायला २०१३ साल उजाडावे लागले. १९८८ च्या रेन मॅन चित्रपटात धूर ओळखणारी घंटा वाजताच नायकाचा भाऊ किती व्याकूळ होतो हे जगभरच्या प्रेक्षकांनी पाहिले. अग्निशामक जवानाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की घंटा ऐकून हे मूल दाराकडे येईलच असे नाही. ते पलंगाखाली दडून बसेल. पोलिसाच्या दृष्टीने अर्थ असा, की समोरचा तरुण नजर चुकवितो, हात फडफडवितो, विचारलेला प्रश्नच परत म्हणून दाखवितो, आणि तरीही त्यात उर्मटपणा नाही, नशा नाही.

हा प्रश्न १९४३ साली का उद्भवला नाही? उत्तर क्लेशदायक आहे. त्या काळी अशी मुले रस्त्यावर दिसतच नसत. डोनाल्डलाही १९३७ साली डॉक्टरांच्या सल्ल्याने एका संस्थेत ठेवले होते आणि सुमारे वर्षभराने आईवडिलांनी हट्टाने घरी आणले. बाकीच्यांची आयुष्ये अशा संस्थांच्या भिंतींआड सरली. त्यात भर म्हणून ब्रूनो बेटलहाइम यांच्यासारख्या लेखकांनी आईच्या थंडपणामुळे मूल असे होते हा सिद्धांत लोकप्रिय केला. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञ पित्याने १९६४ साली ग्रंथ लिहून त्याचे खंडन केले, तरी तो डाग धुतला जायला पुष्कळ वर्षे गेली. १९७५ च्या कायद्याने अमेरिकेत प्रत्येक अपंग मुलाला सरकारी शाळेचा हक्क मिळाला, संस्था हळूहळू रिकाम्या झाल्या, मुले घरी वाढू लागली, मोठी होऊन बाजारात, बसमध्ये दिसू लागली. आणि मग पोलिसांशी त्यांची गाठ पडू लागली.

डेनिस डेबॉट हे डेट्रॉइटकडचे खाजगी गुप्तहेर. त्यांचा मुलगा स्वमग्न. खेळण्यांच्या दुकानातून आक्रोश करणाऱ्या मुलाला उचलून नेत असताना भोवतालच्या लोकांना तो अपहरणाचा प्रकार वाटला, ही आठवण ते सांगत आले आहेत. धंद्यामुळे त्यांना पोलिसांची मनोभूमी ठाऊक होती आणि घरामुळे आईबापांची. १९९४ पासून त्यांनी या विषयावर लिहायला प्रारंभ केला. २००१ साली एफबीआयच्या पोलिसांसाठीच्या मासिकात त्यांचा सहलिखित लेख आला, २००२ मध्ये पुस्तक. त्यांचा उपदेश ऐकायला साधा आहे: अंतर राखा, आवाज खाली आणा, भोंगा व दिवे बंद करा, एका वेळी एकच लहान वाक्य बोला आणि उत्तरासाठी थांबा. पोलिसाला पहिल्या दिवसापासून जे शिकविले जाते, त्याच्या हे जवळपास उलट आहे. गणवेशधारी माणसाला थांबायला शिकविणे हे कोणत्याही देशात सोपे काम नाही.

तंत्रज्ञान या कथेत खऱ्या अर्थाने शिरले ते १९९९ साली. व्हर्जिनियातील चेसापीक येथे शेरीफच्या कचेरीशी संलग्न शोधपथकाने प्रोजेक्ट लाइफसेव्हर ही योजना सुरू केली. मूळ हेतू विस्मृतीच्या विकाराने घराबाहेर भटकणाऱ्या वृद्धांना शोधण्याचा होता. पुढे स्वमग्न मुले त्यात आली. मनगटावर लहानसे प्रक्षेपक यंत्र, त्यातून क्षणाक्षणाला निघणारा रेडिओ संकेत, प्रत्येकाची कंपनसंख्या वेगळी. मूल हरवले की पथक दिशादर्शक अँटेना घेऊन निघते. उपग्रहाच्या आजच्या युगात हे जुनाट वाटेल, परंतु दाट झाडीत आणि इमारतीच्या आत उपग्रहाचे यंत्र जेथे मुके होते तेथे हा साधा संकेत पुष्कळदा ऐकू येतो. या योजनेतली मला सर्वाधिक मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे तिची बॅटरी. ती ठराविक मुदतीने बदलावी लागते आणि ती बदलायला पथकातला माणूस घरी येतो. महिन्या-दोन महिन्यांनी त्याच मुलाच्या मनगटाला तोच हात लागतो. पोलिसाला मूल कळते, मुलाला गणवेश कळतो. यंत्र बनविणाऱ्यांनी हे योजले होते की नाही कोण जाणे. सुधारित, वर्षभर टिकणारी बॅटरी आली तर काही तरी हरवेल असे मात्र वाटते.

भटकण्याचा धोका किती मोठा आहे हे २०१२ साली पीडिअ‍ॅट्रिक्स या नियतकालिकातील अभ्यासाने दाखविले. सुमारे १२०० स्वमग्न मुलांपैकी ४९ टक्के मुलांनी वयाच्या चौथ्या वर्षानंतर एकदा तरी निसटून जाण्याचा प्रयत्न केला होता. अशा मुलांना पाण्याची ओढ असते; म्हणून शोध प्रथम तळी, नदी, पोहण्याचे तलाव येथे घ्यावा असे आता शिकविले जाते. पुढच्याच वर्षी, ४ ऑक्टोबर २०१३ रोजी, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील शाळेतून अ‍ॅव्हॉन्टे ओकेंडो हा १४ वर्षांचा अबोल मुलगा दारातून बाहेर पडला. शाळेच्या कॅमेऱ्याने ते टिपले, पण कॅमेरा कोणाला हाक मारीत नाही. त्याला आगगाड्यांचे वेड होते म्हणून भुयारी रेल्वेचे बोगदे धुंडाळले गेले. पोलिसांच्या गाड्यांनी कर्ण्यावरून त्याच्या आईचा मुद्रित आवाज ऐकवीत रस्ते पालथे घातले. ज्या कर्ण्यावरून एरवी हुकूम सुटतात, त्यातून एक आई आपल्या मुलाला भिऊ नकोस, दिव्यांच्या दिशेने ये, असे विनवीत होती. जानेवारी २०१४ मध्ये ईस्ट रिव्हरच्या काठी त्याचे अवशेष सापडले. त्याचे आणि २००८ साली आयोवातील नदीत बुडालेल्या नऊ वर्षांच्या मुलाचे नाव घेऊन मार्च २०१८ मध्ये अमेरिकेत केव्हिन आणि अ‍ॅव्हॉन्टे कायदा झाला. शोधयंत्रे आणि पोलिसांचे प्रशिक्षण यांसाठी त्यातून अनुदान मिळू लागले.

हरवलेल्याला शोधणे हा प्रश्नाचा एक भाग. दुसरा अधिक नाजूक: घरातूनच मदतीसाठी फोन केला, तर दार ठोठावणाऱ्याला आत कोण आहे हे आधी कळावे. इलिनॉय राज्याने २००९ साली कायदा करून अशा घरांची स्वेच्छेने दिलेली माहिती पोलीस व अग्निशमन दलाच्या संगणकात ठेवण्याची सोय केली. स्मार्ट ९११ नावाच्या सेवेत कुटुंब स्वतःच आपली माहिती भरते आणि त्या क्रमांकावरून फोन येताच ती कर्मचाऱ्याच्या पडद्यावर उमटते. मुलगा बोलत नाही. स्पर्श सहन होत नाही. निळ्या मोटारीविषयी बोला म्हणजे शांत होईल. तेहतीस पानांच्या झाल्या त्या या तीन ओळी. त्याच वर्षी, २००९ मध्ये, आयोवातील ब्लॅक हॉक परगण्यात ९११ ला लेखी संदेश पाठविण्याची सोय अमेरिकेत प्रथम झाली. बहिऱ्यांसाठी ती मुख्यतः योजली होती, पण ऐन संकटात ज्याची वाचा जाते त्या स्वमग्न प्रौढालाही त्यामुळे प्रथमच स्वतः मदत मागता येऊ लागली. रुग्णवाहिकांत चित्रफलक आले: वेदनेचे चित्र, पाण्याचे, घराचे, मुलाने बोट ठेवायचे.

येथवर वाचून वाटेल की माहिती पोहोचली म्हणजे काम झाले. इतिहास तसे म्हणू देत नाही. ज्या इलिनॉयने २००९ चा कायदा केला, त्याच राज्यातील कॅल्युमेट सिटी गावी १ फेब्रुवारी २०१२ रोजी एका स्वमग्न मुलाच्या बापाने मदतीसाठी फोन केला. पोलीस त्या घरी यापूर्वी अनेकदा येऊन गेले होते. मुलगा कसा आहे हे त्यांना ठाऊक होते. पंधरा वर्षांच्या त्या मुलाच्या हाती जेवणाच्या टेबलावरची सुरी होती. त्याला गोळ्या घालण्यात आल्या आणि तो गेला. अशा प्रसंगी सशस्त्र पोलिसांऐवजी प्रशिक्षित आरोग्यसेवक पाठवावेत असा कायदा त्याच्या स्मरणार्थ राज्याने २०२१ साली केला.

१८ जुलै २०१६ रोजी फ्लोरिडातील नॉर्थ मायामी येथे निवासी केंद्रातून निघून आलेला एक स्वमग्न तरुण भर रस्त्यात बसला होता. हातात खेळण्यातला ट्रक. कोणी तरी ९११ ला कळविले की त्याच्याजवळ बंदूक दिसते. केंद्रातील सेवक चार्ल्स किन्झी रस्त्यावर उताणे पडून, दोन्ही हात वर करून ओरडून सांगत होते की ते खेळणे आहे. बिनतारी यंत्रावरून एका अधिकाऱ्याने ती वस्तू खेळणे असावी असे कळविलेही होते. तो संदेश आपल्या कानी आला नाही, असे गोळ्या झाडणाऱ्या अधिकाऱ्याने पुढे न्यायालयात सांगितले. गोळी किन्झींच्या पायात घुसली. २०१९ मध्ये त्या अधिकाऱ्याला निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरविण्यात आले आणि २०२२ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल रद्द केला. तोंडी सांगणारा माणूस होता, यंत्रावरचा संदेश होता, तरीही.

आणि एप्रिल २०२५ मध्ये आयडाहोतील पोकाटेलो येथे १७ वर्षांच्या अबोल, सेरेब्रल पाल्सीही असलेल्या मुलाच्या घराच्या अंगणात पोलीस आले. त्याच्या हाती सुरी होती, मध्ये कुंपण होते. पोलीस गाडीतून उतरले आणि गोळ्या सुटल्या यांत अवघी बारा-पंधरा सेकंदे गेली. काही दिवसांनी मुलगा इस्पितळात वारला. पडद्यावर तीन ओळी उमटल्या असत्या, तरी बारा सेकंदांत त्या कोणी वाचल्या असत्या? म्हणून मला असे वाटते की यंत्रांची पारख त्यांनी किती माहिती दिली यावरून करू नये. त्यांनी पोलिसाला थांबायला किती अवधी मिळवून दिला, यावरून करावी.

अलीकडचे प्रयोग आभासी वास्तवाचे आहेत. भारतीय वंशाचे उद्योजक विजय रवींद्रन यांनी स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने फ्लोरिओ ही कंपनी काढली. डोळ्यांवर चढविलेल्या यंत्रात रस्ता दिसतो, पोलीस दिसतो; तो प्रश्न विचारतो, स्वमग्न तरुण उत्तर देण्याचा सराव करतो. फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातील संशोधकांनी बारा वर्षांवरील ६० जणांवर केलेल्या पहिल्या चाचणीत ही पद्धत सुरक्षित व व्यवहार्य ठरली. उपक्रम स्तुत्य आहे, पण मनात एक शल्य राहतेच: ज्याला समजणे अवघड, त्याच्याच खांद्यावर समजुतीचे ओझे का? त्या मानाने पोलिसालाच स्वमग्न माणसाच्या डोळ्यांनी व कानांनी तो प्रसंग अनुभवायला लावणारी प्रशिक्षणे मला अधिक न्याय्य वाटतात. अ‍ॅक्सॉन कंपनीने २०१९ च्या सुमारास असे एक तयार केले. विजेचा झटका देणारी टेझर बंदूक विकणारी ती हीच कंपनी, हेही ध्यानात असावे.

या सर्व व्यवस्थांना एक सावली आहे, आणि ती यादीची. नाव नोंदवायला कित्येक कुटुंबे कचरतात. त्यांना भित्रे म्हणण्यापूर्वी व्हिएन्नाकडे पाहावे. कॅनर यांच्या पाठोपाठ १९४४ साली हान्स आस्पेर्गर यांनी स्वमग्न मुलांविषयी निबंध लिहिला. ते कॅथलिक होते, कॅथलिक युवक चळवळीत वाढलेले. दीर्घकाळ त्यांना अशा मुलांचे नाझींपासून रक्षण करणारा म्हणून गौरविले गेले. २०१८ साली हेर्विग चेक या इतिहासकाराने जुनी कागदपत्रे तपासून दाखवून दिले की त्यांनी काही अपंग मुलांना आम श्पीगेलग्रुंड या संस्थेत धाडण्याची शिफारस केली होती. तेथे ७८९ मुले मरण पावली, पुष्कळशी ठार मारली गेली. आपल्या वाचकांनी ही हकीकत अवघड वाटली म्हणून वगळू नये. शिफारशीचा तो कागदही तीन ओळींचाच असे. २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन आरोग्य खात्याकडून स्वमग्न व्यक्तींची राष्ट्रीय नोंदवही होणार असे वृत्त येताच जो हलकल्लोळ माजला आणि खात्याला खुलासा करावा लागला, त्यामागे ही स्मृती होती. केव्हिन आणि अ‍ॅव्हॉन्टे कायद्यातही म्हणूनच शोधयंत्र शरीरात कायमचे बसविणारे नसावे अशी काळजी घेतली आहे.

कनेटिकट राज्याने १ जानेवारी २०२० पासून याहून साधा उपाय योजला. स्वमग्न वाहनचालकाला एक निळा लिफाफा मिळतो. आत परवाना, विमा, नोंदणीची कागदपत्रे; बाहेर पोलिसाने कसे बोलावे याच्या सूचना. ना वीज, ना संगणक, ना यादी. लिफाफा पुढे करायचा की नाही हे चालकाने ठरवायचे. इतर राज्यांनीही तो उचलला.

डोनाल्ड ट्रिप्लेट मात्र असल्या कशाविनाच ८९ वर्षे जगले. कुटुंबाच्या बँकेत नोकरी, रोजचा गोल्फ, स्वतः मोटार चालविणे, देशोदेशींचा प्रवास, आणि जून २०२३ मध्ये आपल्याच गावी मृत्यू. त्यांच्यावर लिहायला आलेल्या पत्रकारांना गावकऱ्यांनी बजावले होते की डॉनला दुखवाल तर आमच्याशी गाठ आहे. फॉरेस्ट गावच त्यांची ती तीन ओळींची नोंद होते. ट्रिप्लेट घराणे गावात सधन आणि गोरे होते हेही सांगितले पाहिजे. वर उल्लेखिलेल्या अ‍ॅव्हॉन्टेला न्यूयॉर्कमध्ये असे गाव मिळाले नाही.

आपल्याकडे १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. ११२ हा क्रमांकही आला आहे. परंतु फोन उचलणाऱ्याच्या पडद्यावर त्या तीन ओळी आणण्याचे काम अजून मोठ्या प्रमाणावर झालेले नाही. जे घडते ते व्यक्तींच्या पुढाकाराने. २०२४ साली मुंबईत वरळीहून बेपत्ता झालेला बौद्धिक अपंगत्व असलेला एक बारा वर्षांचा मुलगा कुलाब्यात पोलिसांना सापडला. नाव-पत्ता त्याला सांगता येत नव्हता. गळ्यात ताइतासारखे एक पदक होते आणि त्यावर क्यूआर कोड. मुंबईच्याच एका तरुण अभियंत्याने अशी पदके करून गरजू कुटुंबांना वाटली होती. पोलिसाने तो कोड मोबाइलवर वाचला, पडद्यावर दिसलेला क्रमांक लावला, आणि मुलगा काही तासांत आईवडिलांकडे पोहोचला.